सिझर म्हणू नये

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला संपादकबाई बेंगळुरूत जयनगरच्या माझ्या घरी आल्या. त्यांनी आधी माझी प्रकृती विचारली, मग लेखाचा विषय विचारला, आणि विषय ऐकल्यावर हातातला कप तसाच बशीत ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, अंक घरात सगळेच वाचतात हो. मुलं, सुना, सासरे..."

"आणि हे सगळे घरात आले कुठून?" मी विचारले.

बाई लाजल्या. वय साठ, तीन नातवंडांची आजी, आणि लाजल्या. मग म्हणाल्या, "लिहा, पण थोडं जपून."

जपून लिहिण्याचे काम इतरांनी आधीच उरकलेले आहे. ज्या प्रसंगाबद्दल मी लिहिणार आहे, त्याच्या तीन आवृत्त्या आज या शहरात फिरत आहेत. ज्या धर्मादाय प्रसूतिगृहात माझी हयात गेली, त्याच्या विश्वस्तांनी स्मरणिकेत 'अंधश्रद्धेवर मायेची मात' असा मथळा देऊन पहिली छापली, शेजारी रुग्णवाहिकेचे छायाचित्र. दुसरी पुण्याहून येऊन व्हाइटफील्डला स्थायिक झालेल्या एका अभ्यासक बाईंच्या अहवालात आहे. तिचे सार असे की निर्वासित स्त्रीच्या आरोग्याआड तिची संस्कृती आणि तिचा नवरा येतो. तिसरी बेळ्ळंदूरच्या पत्र्याच्या शेडचा मुकादम चहाच्या टपरीवर सांगतो: "त्या म्हाताऱ्या डॉक्टरनंच पोरीला घाबरवलं." पहिल्या दोन आवृत्त्या लिहिणाऱ्यांपैकी एकानेही मला काही विचारले नाही. तिसरी सांगणाऱ्याने माझ्यासमोरच सांगितली, आणि त्या वेळी मी त्याला गाढव म्हणालो होतो.

मी तिथे होतो. म्हणून चौथी आवृत्ती मी लिहितो आहे.

माझा व्यवसाय स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचा. आमचे घराणे या शहरात इतक्या पिढ्यांपासून आहे की इथल्या रस्त्यांची मूळ नावे आम्हाला ठाऊक आहेत आणि आमची मराठी कोणत्या गावची हे आम्हालाच सांगता येत नाही. घरात मराठी, शाळेत कन्नड, महाविद्यालयात इंग्रजी. पण तिन्ही भाषा मी नीट बोलतो, आणि माझ्या वॉर्डात त्या नीट बोलल्या जाव्यात असा माझा आग्रह असे. पोट आणि गर्भाशय छेदून बाळ बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रियेला सिझेरियन सेक्शन म्हणतात. परिचारिका तिला 'सिझर' म्हणत. हे मला सहन होत नसे. सिझर हा रोमन सम्राट होता. तो कोणाच्या पोटावर करता येत नाही. शेवटी मी प्रसूतिकक्षाच्या दाराशी कन्नड आणि इंग्रजी अशा दोन भाषांत पाटीच लावली: 'येथे सिझर म्हणू नये.' आपापसात 'सिझेरियन सेक्शन' म्हणायचे, आणि बायकांना समजेल अशा साध्या शब्दात 'ऑपरेशन' सांगायचे. हा नियम माझ्या निवृत्तीपर्यंत पाळला गेला, निदान माझ्यासमोर तरी.

त्या पाटीला हसणारी एकच व्यक्ती होती: सरोजाक्का. आमच्या प्रसूतिकक्षाच्या प्रमुख परिचारिका. आमच्याप्रमाणेच जुन्या बेंगळुरूच्या, आमच्याप्रमाणेच मराठी, आणि माझ्याहून जास्त बाळंतपणे पाहिलेल्या. त्या निवृत्त झाल्यावर मीच त्यांना म्हणालो, "अक्का, बेळ्ळंदूरच्या शेडांत दर गुरुवारी सकाळी दवाखाना लावू या."

"सरी," म्हणजे ठीक आहे, त्या म्हणाल्या. "पण तुमची पाटी तिथं आणायची नाही."

बेळ्ळंदूरला ज्या उंच इमारतींत आपल्या अंकाचे अर्धे वर्गणीदार राहतात, त्यांच्या मागे एक कच्चा रस्ता उतरतो. त्या रस्त्याच्या टोकाला पत्र्याच्या शेडा आहेत. इमारतींतला सुका कचरा तिथे येतो आणि बायका तो निवडतात. काही रायचूर-कलबुर्गीकडच्या, काही बंगालच्या, आणि काही म्यानमारमधून जीव घेऊन पळालेल्या, बांगलादेशच्या छावणीत काही वर्षे काढून इथवर आलेल्या रोहिंग्या. या शेवटच्यांपाशी निर्वासित असल्याचे एक कार्ड असते. कोणत्याही खिडकीवर ते दाखवले की पलीकडचा माणूस ते उलटून पाहतो, जणू खरे कार्ड मागच्या बाजूला असावे.

त्या कचऱ्यात वापरलेले सॅनिटरी पॅड असतात, बहुधा कागदातसुद्धा न गुंडाळलेले. ते हाताने वेगळे काढणाऱ्या बायका स्वतः जुन्या ओढणीचे तुकडे वापरतात, आणि ते धुवायला पाणी टँकरचे असते. एकदा एका कंपनीतले दहाबारा तरुण-तरुणी पॅडची पाकिटे वाटायला आले. एका मुलीने पाकीट उघडून, पॅड उलगडून, हे काय असते ते हिंदीत समजावून सांगितले. नूर खाला, म्हणजे शेडांतली वडीलधारी आणि आमची दुभाषी, सगळे शांतपणे ऐकून म्हणाली, "बेटी, ये तो रोज आता हमारे पास. तुम्हारे घर से ही आता." मुलीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. छायाचित्र मात्र त्यांनी काढलेच.

या कामातली पहिली अडचण औषधाची नसते, कागदाची असते. तुमच्या-आमच्या घरातल्या बाईला डॉक्टरने चिठ्ठी दिली नाही तर ती रागावते. इथली बाई चिठ्ठी पाहून घाबरते. तीन महिन्यांनी घ्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन हवे असलेली एक बाई मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "सुई दो, कागज मत दो." कागद नवऱ्याच्या हाती लागला असता. मी म्हणालो, नोंदीशिवाय औषध देणे माझ्या तत्त्वात बसत नाही. अक्कांनी मला बाजूला घेतले. "डॉक्टर, तत्त्व स्वल्प बाजूला ठेवा. नोंद मी ठेवते." त्यांनी एक शाळकरी वही काढली आणि त्या बाईच्या नावाऐवजी शेवग्याची शेंग काढली. पुढे ती वही भाजीबाजार झाली. "शेवग्याची सुई या गुरुवारी. नारळाला पांढरं जातंय, पुन्हा तपासायचंय." वही कोणाच्याही हाती पडली तरी त्याला वाटावे, म्हातारीची बाजाराची यादी. सार्वजनिक आरोग्यावरची अनेक व्याख्याने मी ऐकली आहेत. इतकी हुशारीची गोष्ट एकातही ऐकली नाही.

अभ्यासक बाई याच सुमारास आल्या. त्यांच्याकडे टॅबलेट होता आणि त्यात प्रश्नावली. "सर, मला फक्त त्यांचं नॅरेटिव्ह कॅप्चर करायचंय. एकदम सेन्सिटिव्हली," त्या म्हणाल्या. मग शेडच्या मध्यभागी खुर्ची टाकून, नवरे आणि सासवा ऐकत असताना, त्यांनी एकेका बाईला विचारले: पळून येताना अथवा इथे आल्यावर तुमच्यावर लैंगिक अत्याचार झाला का? होय की नाही? सगळ्यांनी 'नाही' सांगितले. बाईंनी ते नोंदले आणि आशादायक निष्कर्ष म्हणून छापले.

अक्का हा प्रश्न कधीही विचारत नसत. पडद्यामागे तपासताना त्या एवढेच विचारत, "नींद आती क्या?" आणि मग हात धुण्यात मुद्दाम वेळ घालवत. कोणी बोले, कोणी न बोले. त्या अवधीत काय काय सांगितले गेले ते मी इथे लिहिणार नाही. ते त्या बायकांचे आहे, संपादकबाईंच्या संकोचाशी त्याचा काही संबंध नाही. एवढेच सांगतो, की 'नाही' म्हणणाऱ्यांतल्या काही बायका अक्कांचे हात धुऊन होईपर्यंत रडत असत.

आता हमीदाविषयी.

ती आली तेव्हा गरोदरपणाचे सहा महिने झाले होते. वय विशीच्या आसपास. नक्की तिलाही ठाऊक नव्हते. पोटावर बेंबीखालून उभा व्रण. छावणीतल्या रुग्णालयात पहिले मूल पोट छेदून काढले होते. मुलगा होता, पुढे तिथेच तापाने गेला. कागद एकही नाही. इथे वाचकांना एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. कातडीवरचा व्रण पाहून आतला गर्भाशय कसा छेदला होता ते सांगता येत नाही. आणि एकदा शिवलेल्या गर्भाशयावर पुन्हा कळांचा ताण आला, तर ती शिवण उसवू शकते. उसवली, तर बाळ आणि आई दोघांसाठी मिनिटे मोजावी लागतात. कागद असेल तर डॉक्टर कधीकधी धोका पत्करतो. कागद नसेल तर शहाणा डॉक्टर कळा सुरू होण्याआधी दिवस ठरवतो आणि शस्त्रक्रिया करतो.

मी शहाणा डॉक्टर आहे. मी प्रसूतिगृहात बोललो. तिथली आजची प्रमुख माझी विद्यार्थिनी, तिने दिवस दिला. नववा महिना लागल्यावर नूर खालाला शेजारी बसवून मी हमीदाला स्पष्ट, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा सुटा उच्चारून सांगितले, "देखो, तुमको ऑपरेशन करना पडेगा. ऑपरेशन. समझी?"

तिने नूर खालाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ऑपरेशन ना," ती म्हणाली.

"क्यूं ना?"

"ना."

मी पुन्हा सांगितले. बाळाला धोका, तुला धोका. तिने ओढणी डोक्यावर ओढून घेतली आणि उठून गेली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नूर खालाला विचारले तर ती पत्र्याकडे बघत म्हणाली, "वो नहीं आएगी. डरती."

"कशाला घाबरते?"

"ऑपरेशन को."

यात नवीन काय होते? शस्त्रक्रियेला सगळेच घाबरतात. मी अक्कांपाशी चिडलो. अक्का त्या गुरुवारी सुनेच्या बाळंतपणासाठी म्हैसूरला निघाल्या होत्या, जाताना एवढेच म्हणाल्या, "एकदा पोट कापून घेतलेली बाई पोट कापण्याला 'ना' म्हणते, हे मला पटत नाही डॉक्टर. काही तरी वेगळं आहे." मी ते कानाआड केले.

अभ्यासक बाईंनी मात्र तत्काळ निदान केले. "ऑब्व्हियस आहे सर. हसबंड अलाऊ करत नाहीये. डिसिजन मेकिंगमध्ये तिला एजन्सीच नाही." म्हणून मी तिच्या नवऱ्याला बोलावले. बारीक चणीचा, पाठीत वाकलेला मुलगा. दिवसभर बाटल्यांची पोती उचलणारा. मी संमतीपत्र पुढे करताच त्याने शाईची वाट न पाहता अंगठा पुढे केला. "साब, कहां लगाऊं? मैं तो रोज बोलता उसको, जा. वो मेरे को बोलती, तू चुप." हे अभ्यासक बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकले. तरीही अहवालात नवऱ्याचे नियंत्रण छापले गेले. तो बिचारा ज्या घरात राहतो, तिथे नियंत्रण कोणाचे आहे ते मला अंगठा पाहताच कळले होते.

ठरवलेला दिवस आला आणि गेला. प्रसूतिगृहात टेबल तयार, माझी विद्यार्थिनी तयार, आणि रुग्ण नाही. मी त्या दिवशी घरी येऊन माझ्या टिपणवहीत लिहिले: 'रुग्णाने शस्त्रक्रिया नाकारली.' हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा लिहिले आहे. सुवाच्य अक्षरात लिहिले की ते पूर्ण वाटते.

पुढचा गुरुवार. अक्का परतल्या होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा अकरा वाजत होते, आणि नूर खाला रस्त्यावरच उभी होती. हमीदाला पहाटेपासून कळा येत होत्या. तिने शेडचे दार आतून लावून घेतले होते. नवरा बाहेर डोक्याला हात लावून बसलेला. आतून कण्हण्याचाही आवाज नव्हता. नंतर कळले, तिने ओढणीचा बोळा तोंडात धरला होता.

मी पत्र्यावर थाप मारली. "हमीदा! दरवाजा खोलो! ऑपरेशन नहीं किया तो मर जाएगी!"

आत काहीतरी धडपडले. दाराला आतून आणखी काहीतरी टेकवले गेले.

"डॉक्टर," अक्का म्हणाल्या, "तुम्ही स्वल्प गप्प बसा." त्या दाराशी जमिनीवर बसल्या, सत्तरीला टेकलेले गुडघे दुमडून, आणि फटीला तोंड लावून म्हणाल्या, "हमीदा, मैं अक्का. ऑपरेशन बोले तो तेरे को क्या समझा? बता."

मग ओढणी तोंडातून काढल्याचा आवाज, आणि धापा टाकत टाकत, "यल्लम्मा का हुआ, वो."

यल्लम्मा पलीकडच्या शेडमधली, रायचूरकडची. ती घोळक्यातच उभी होती. अक्कांनी वळून तिला कन्नडमध्ये विचारले. ती सहज म्हणाली, "आपरेशन आद्मेले मक्कळिल्ला, अक्का." ऑपरेशन झाले की मग मुले नाहीत. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी तिची शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वेळी बीजवाहिन्याही बांधल्या गेल्या. तिच्या गावात, तिच्या शेडमध्ये, तिच्या ओळखीच्या प्रत्येक बाईच्या तोंडी 'ऑपरेशन' म्हणजे एवढेच: कायमचे बंद. तुमच्या आजीच्या काळातही मराठी बायका एकमेकींना 'ऑपरेशन झालं का?' विचारत, तेव्हा त्या अपेंडिक्सची चौकशी करत नव्हत्या. हे मला माहीत नव्हते असे नाही. माहीत असून मी ते कधी ऐकले नव्हते.

अक्का पुन्हा फटीशी वाकल्या. "और छावनी में पहला बच्चा हुआ, वो क्या था?"

"सिजर," आतून हमीदा म्हणाली. मग रडत, जोराने, "सिजर करो ना! मैं कब ना बोली? सिजर करो. ऑपरेशन ना. एक गया मेरा. ये भी गया तो?"

अक्का माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, ती सिझरला तयार आहे. पहिल्या दिवसापासून तयार आहे."

"अहो, सिझेरियन म्हणजेच ऑपरेशन!"

"तुमच्यासाठी," अक्का म्हणाल्या.

दार उघडले.

यापुढचे विश्वस्तांच्या स्मरणिकेसाठी लिहितो. रुग्णवाहिका आली नाही. तिला फोन केला होता. ती बाहेरच्या रिंग रोडवरच्या कोंडीत अडकून पडली होती. छायाचित्रातली रुग्णवाहिका वेगळ्या दिवशी, वेगळ्या कारणासाठी, धुऊन उभी केलेली आहे. हमीदाला ज्या गाडीने नेले ती अभ्यासक बाईंची होती. बाई त्या दिवशी उरलेल्या प्रश्नावल्या भरायला आल्या होत्या. त्यांनी टॅबलेट मागे फेकला, सीट आडवी केली आणि म्हणाल्या, "बसा सर, मी शॉर्टकटनं नेते." ज्या गल्ल्यांतून त्यांनी गाडी काढली, त्या मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हत्या. वाटेत हमीदाचे पाणी फुटले आणि नवी कोरी सीट भिजली. बाईंनी मागे वळूनही पाहिले नाही. त्यांचा अहवाल टाकाऊ आहे. त्यांची गाडी चालवण्याची पद्धत उत्तम आहे. दोन्ही गोष्टी मी लिहून देतो.

प्रसूतिगृहात ट्रॉली तयार होती. पण प्रसूतिकक्षाच्या दाराशी हमीदाने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. तिला आत जायचे नव्हते असे नाही. तिला आधी काहीतरी हवे होते. ती माझ्याकडे बघत होती, अक्कांकडे नाही.

"तू बोल," ती मला म्हणाली.

"क्या बोलूं?"

"सिजर बोल. तू ऑपरेशन बोलता. तू बोल, सिजर."

तिच्या डोक्यावर, बरोबर तीन वीत वर, माझी पाटी होती. मी निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी कोणी ती काढली नव्हती. रंगरंगोटी करतानासुद्धा तिच्याभोवतीने रंग दिलेला दिसत होता. दोन्ही बाजूंना परिचारिका उभ्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांना मी या शब्दासाठी सर्वांदेखत झापलेले होते. एकीला तर तो पन्नास वेळा शुद्ध करून लिहायला लावला होता. ती आता ट्रॉलीच्या पायथ्याशी उभी होती आणि जमिनीकडे पाहत होती.

"सिझर," मी म्हणालो.

"ऑपरेशन नहीं?"

"ऑपरेशन नहीं. सिझर. सिर्फ सिझर. बच्चेदानी को कुछ नहीं करेंगे, नली नहीं बांधेंगे."

तिने चौकट सोडली. ट्रॉली आत गेली. मागून ती पन्नास वेळा लिहिणारी परिचारिका अक्कांच्या कानात काहीतरी म्हणाली आणि अक्का तिला म्हणाल्या, "श्श. नंतर हस."

शस्त्रक्रिया मी केली नाही. 'ज्येष्ठ तज्ज्ञांच्या कुशल हातांनी' असे स्मरणिकेत आहे, तेही खोटे. मी हात धुऊन उभा राहिलो तेव्हा माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तुम्ही फक्त रिट्रॅक्टर धरा." जखम उघडी ठेवण्याचे ते अवजार धरणे हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे काम. मी धरले. पोट उघडले. जुन्या शिवणीच्या जागी गर्भाशयाची भिंत उरलीच नव्हती. कांद्याचा असतो तसा एक पापुद्रा होता, आणि त्या पापुद्र्यातून आत बाळाचे काळे केस दिसत होते. आणखी काही कळा आल्या असत्या तर तो पापुद्रा फाटला असता. माझ्या एका शब्दामुळे हमीदाने पहाटेपासून अकरा वाजेपर्यंतच्या सगळ्या कळा त्याच्यावर झेलल्या होत्या.

मुलगी झाली. रडायला उशीर केला, मग खूप रडली.

काही आठवड्यांनी हमीदा दवाखान्यात आली, मुलीला पाठीला बांधून. अक्कांनी वहीत तिच्यासाठी लिंबू काढले. "सुई दो," हमीदा म्हणाली. "बंद नहीं. थोडा ठहर." कायमचे बंद करणे आणि थोडे थांबणे यांतला फरक तिला पहिल्यापासून स्पष्ट होता. अभ्यासक बाईंच्या अहवालात असे प्रकरण आहे की या स्त्रियांना कुटुंबनियोजनाच्या संकल्पना समजावून देण्याची गरज आहे. समजावून घेण्याची गरज कोणाला होती, हे प्रकरण त्यात नाही. आणि ते नसण्याला मी बाईंना दोष देऊ शकत नाही, कारण त्या ज्या प्रश्नावलीवर अवलंबून होत्या, तिच्यातला एक प्रश्न मी स्वतः तपासून दिला होता: 'रुग्णाने ऑपरेशनला संमती दिली का?'

मुकादमाची आवृत्ती खरी निघाली. म्हाताऱ्या डॉक्टरनेच पोरीला घाबरवले. मी त्याला टपरीवर जाऊन तसे सांगितले. तो म्हणाला, "बिडी सार," म्हणजे जाऊ द्या; आणि चहा मागवला. गाढव म्हटल्याचे त्याने मनावर घेतले नव्हते, किंवा असे शब्द ऐकायची त्याला सवय होती.

हा लेख इथे संपवता आला असता. विश्वस्तांनी आणि अभ्यासक बाईंनी तो इथेच संपवला असता. पण हमीदाच्या आधी अमीना होती.

अमीना त्याच शेडांतली, हमीदाच्या दोन वर्षे आधीची. बाळ आडवे होते. शस्त्रक्रियेशिवाय सुटका नव्हती. मी तिलाही सावकाश, सुटे सुटे शब्द उच्चारून सांगितले होते. तिनेही ओढणी ओढून घेतली होती. महिनाभरात ते कुटुंब हैदराबादकडे निघून गेले. माझ्या टिपणवहीत तिच्या नावापुढे ते सुवाच्य वाक्य आहे, आणि त्यापुढे पूर्णविराम. हमीदाच्या मुलीच्या जन्मानंतर मी अक्कांची वही मागून घेतली. अमीनाच्या पानावर एक भेंडी होती. तिच्याखाली काही लिहिलेले नव्हते. फक्त एक प्रश्नचिन्ह.

"तेव्हा मला का विचारलं नाहीत?" मी अक्कांना म्हणालो.

"तुम्हाला?" अक्का म्हणाल्या, आणि वही परत घेतली.

नूर खालाने हैदराबादच्या वस्तीतला एक फोन नंबर शोधून काढला आहे. अमीनाचा नाही, तिच्या नात्यातल्या कोणाचा तरी. त्यावर मी माझ्या आवाजात निरोप पाठवला. तीन वेळा ध्वनिमुद्रित करावा लागला, कारण तोंडाला दुसऱ्याच शब्दाची सवय. "अमीना, मैं बेळ्ळंदूर का डॉक्टर. मैंने गलत बोला था. सिझर था. बंद करने का नहीं था. तू कैसी है, बच्चा कैसा है, कोई बताओ." दर गुरुवारी मी नूर खालाला विचारतो. ती नकारार्थी मान हलवते. शेडांतल्या बायका आता मला 'सिजर डाक्टर' म्हणतात. इमारतींतून कोणी पाहुणे आले की त्याच नावाने माझी ओळख करून देतात. मी सुधारत नाही.

माझ्या टिपणवहीतले ते वाक्य मला खोडता येत नाही. वैद्यकीय नोंद खोडणे हा गुन्हा आहे, आणि इतरांना मीच ते शिकवले आहे. त्यामुळे दुरुस्ती इथे करतो, जिथे मुले, सुना, सासरे सगळे वाचतील: अमीनाने शस्त्रक्रिया नाकारली नव्हती. तिला ती कोणी विचारलीच नव्हती.

संपादकबाई, आपल्या मुद्रितशोधकांना एक निरोप द्यावा. ते काटेकोर गृहस्थ आहेत. त्यांना मी ओळखतो, माझ्यासारखेच आहेत. या लेखात 'सिझर' हा शब्द अनेकदा आला आहे. तो अशुद्ध आहे हे मला ठाऊक आहे. एकाही ठिकाणी तो दुरुस्त करू नये.